लस आगोटीत हवी

रत्नागिरीकडच्या आमच्या घरी मेच्या तिसऱ्या आठवड्यात आईची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, सुरू होते. पडवीत लाकडं रचली जातात, फुटकी कौलं बदलली जातात, तांदूळ, कुळीथ, मीठ, सुके बोंबील, सोडे, काडेपेट्या असं सगळं डब्यांत जातं. आता बाजार दहा मिनिटांवर आहे आणि रिक्षा दारात येते. तरी 'पाऊस लागला की कोण जातंय' हे वाक्य काही तिच्या तोंडून गेलेलं नाही. तिची यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेली असते. तीन वर्षांपासून त्या यादीत, सोड्यांच्या खाली आणि ताडपत्रीच्या वर, एक नवी ओळ आली आहे: 'बाबा, इंजेक्शन.'

ती ओळ कशी आली ते सांगते. माझा दादा न्यू जर्सीत एडिसनला असतो. ऑक्टोबर लागला की त्याचा फोन ठरलेला: "बाबांना फ्लू शॉट दिलास का?" तिकडे तेव्हा औषधांच्या दुकानात, किराणा घेता घेता, दंड पुढे केला की लस मिळते. बाबा मधुमेही, वय सत्तरीच्या पुढे. दिवाळीनंतर ते पुण्याला माझ्याकडे आले की मी त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेऊन लस देत असे. दवाखान्याच्या भिंतीवर लसीचं चित्र लावलेलं होतं, त्यात लोकरीची टोपी घातलेलं गोरं मूल आणि पाठीमागे बर्फ पडतोय. बाबांनी त्या चित्राकडे बघून विचारलं होतं, "हे आपल्यासाठी आहे ना?" मी हसले होते.

पुढच्या ऑगस्टमध्ये, गणपती आठवड्यावर आलेले असताना, बाबांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी दम लागायला लागला, बोटाला यंत्र लावलं तर आकडा ८८. सहा दिवस इस्पितळात काढले. घशाचा स्वॅब तपासला, तो फ्लूचा निघाला, एच३एन२ नावाच्या प्रकारचा. मी डॉक्टरांना जरा चढ्या आवाजात म्हटलं, "पण लस दिली होती की." त्यांनी विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "नोव्हेंबरात." त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे नऊ महिने. गेल्या पावसाळ्याची साथ संपल्यावर दिलीत, या पावसाळ्याच्या फार आधी."

एका माणसाच्या आजारावरून धोरण ठरवायचं नसतं, हे मला कळतं. लस मे महिन्यात दिली असती तरी बाबा आजारी पडले असते, हेही शक्य आहे. पण डॉक्टरांनी बोटांवर मोजलेला तो हिशेब पुण्यातच, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, फार मोठ्या प्रमाणावर मांडून झालेला आहे आणि तो छापूनही झाला आहे. तरी आपले दवाखाने, कंपन्यांची लसीकरण शिबिरं आणि आपण स्वतः अजून बर्फाच्या चित्राप्रमाणे चालतो. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला जरा विस्ताराने करायची आहे.

हिशेब राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा, म्हणजे एनआयव्हीचा. ही संस्था १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने पुण्यात सुरू झाली, तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा सगळ्या देशाला तिचं नाव पाठ झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद पडल्या, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. लोक तोंडाला रुमाल बांधून दुचाकीवर फिरत होते आणि गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगत होते. आमच्या सोसायटीत ती पुरचुंडी वीस रुपयांना विकायला आली होती. तो काळ आठवला की लोकांना भीती आठवते. मला त्यातून निघालेलं एक शांत काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्याच सुमारास एनआयव्हीच्या डॉ. मनदीप चढ्ढा आणि देशभरातले त्यांचे सहकारी एकाच प्रश्नाच्या मागे लागले: भारतात फ्लू येतो तरी कधी? प्रश्न वाटतो भाबडा. पण तोवर 'फ्लू हिवाळ्यात येतो' हे आपण पाठ्यपुस्तकातून उचललेलं होतं आणि ती पाठ्यपुस्तकं लंडन-न्यूयॉर्कच्या हवेत लिहिलेली होती. २००९ ते २०१३ या काळात दहा शहरांतल्या दवाखान्यांत आणि इस्पितळांत सर्दी-तापाने किंवा श्वसनाच्या तीव्र आजाराने आलेल्या ४४,१२७ रुग्णांचे स्वॅब तपासले गेले. त्यांतल्या ६,१९३ जणांना, म्हणजे दर शंभरात चौदांना, फ्लू होता. हे आकडे महिन्यावार मांडल्यावर जे दिसलं ते असं: दिल्ली, लखनौ, पुणे, नागपूर, कोलकाता, दिब्रुगड आणि केरळातलं अलप्पुळा, सगळीकडे फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर, भर पावसाळ्यात. चेन्नई आणि वेल्लोरला ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण त्यांचा मोठा पाऊस तेव्हा पडतो. फक्त श्रीनगर युरोपासारखं वागलं. तिथे जानेवारी ते मार्च.

म्हणजे विषाणू पावसाच्या मागोमाग देशभर फिरतो. चेन्नईचं उदाहरण मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. तिथला पाऊस उशिरा, तर तिथला फ्लूही उशिरा. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचा निष्कर्षही कुठे आडवळणाने लिहिलेला नाही: जिथे साथ पावसाळ्यात येते त्या शहरांत लस एप्रिल-मेमध्ये द्यावी, श्रीनगरसारख्या थंड ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पुढच्याच वर्षी डॉ. सिद्धिविनायक हिरवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न उष्ण आणि उपोष्ण पट्ट्यातल्या शंभराहून जास्त देशांना लावून पाहिला. हिरवे यांनी पुण्याजवळच्या वढूच्या गावांमध्ये वर्षानुवर्षं फ्लूची नोंद ठेवण्याच्या कामातही भाग घेतला होता. वढूच्या वाटेवरचा तो सगळा परिसर आता कारखान्यांनी भरला आहे. तिथल्या वाड्यावस्त्यांवरच्या रुग्णांची नोंद ठेवण्यातून जगाच्या लसीकरणाच्या वेळापत्रकाला हातभार लागला, हे किती पुणेकरांना माहीत असेल?

आता एक गंमत. फ्लूची लस दरवर्षी नव्याने शिजवावी लागते, कारण विषाणू अंगरखा बदलत राहतो. कोणते विषाणू लसीत घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा जाहीर करते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. जाहीर झाल्यावर लस बाटलीत उतरायला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे 'उत्तरेची' लस ऑगस्ट-सप्टेंबरात दुकानात येते, 'दक्षिणेची' मार्च-एप्रिलच्या सुमारास. पुणे, रत्नागिरी, नागपूर ही सगळी विषुववृत्ताच्या उत्तरेला. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे गेलं तर आपण उत्तरेची लस घ्यायची. ती हातात येते तेव्हा आपली साथ शिगेला पोहोचलेली असते. फ्लूच्या दृष्टीने आपण सिडनी-जोहान्सबर्गचे शेजारी आहोत. मे महिन्यात दंडात घ्यायची तर दक्षिणेचीच लस हवी, कारण तेव्हा ताजी तीच असते. त्या दवाखान्यात बाबांना दिलेल्या लसीचं खोकं मी नंतर आठवून पाहिलं. त्यावर 'नॉर्दर्न हेमिस्फिअर' असं छापलेलं होतं. ते वाचलं होतं मी, पण आपण उत्तरेतच तर राहतो असं वाटून पुढे गेले होते.

लस मेमध्ये घेतली काय नि नोव्हेंबरात घेतली काय, एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. गोवराच्या लसीबद्दल ते विचारणं बरोबर आहे, कारण ती लहानपणी घेतली की जवळजवळ जन्माची सोय होते. फ्लूची गोष्ट वेगळी, आणि का वेगळी हे समजून घेण्यासारखं आहे. गोवराचा विषाणू अंगात शिरल्यावर दहा-बारा दिवस आतल्या आत फिरतो, मग लक्षणं दिसतात. तेवढ्या अवधीत शरीरातल्या स्मरणपेशी जाग्या होतात आणि फौज उभी करतात. फ्लूचा विषाणू नाका-घशाच्या अस्तरावरच काम उरकतो आणि एक ते चार दिवसांत माणूस अंथरुणावर. स्मरणपेशी जाग्या होऊन डोळे चोळेपर्यंत चोर घर धुऊन गेलेला असतो. त्यामुळे इथे उपयोग होतो तो दारात आधीच उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांचा, म्हणजे रक्तात तयार असलेल्या प्रतिपिंडांचा. लस घेतल्यावर दोनेक आठवड्यांत ही प्रतिपिंडं चढतात आणि पुढच्या काही महिन्यांत उतरत जातात. म्हातारपणी ती मुळात कमी चढतात. करोनाच्या लशींबाबत 'दोन डोस घेतले तरी झालाच की' हे आपण सगळ्यांनी ऐकलं आणि म्हटलं. तिथेही मुळाशी हीच अडचण आहे. श्वासावाटे येऊन नाकातच ठाण मांडणाऱ्या विषाणूंपुढे शरीराची स्मरणशक्ती तोकडी पडते. फ्लू, करोना, तान्ह्या मुलांना छळणारा आरएसव्ही, सगळ्यांची हीच तऱ्हा. म्हणून तर इथे तारखेला किंमत आहे.

दुसरी अडचण विषाणूच्या रंग बदलण्याची. ती सगळ्यात आधी ज्याच्या अंगावर आली त्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले डॉ. थॉमस फ्रान्सिस. फ्लूचा विषाणू माणसातून पहिल्यांदा वेगळा काढला तो १९३३ साली लंडनला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी पोर्तो रिकोच्या साथीतून अमेरिकेचा पहिला नमुना मिळवला आणि १९४० साली फ्लूचा दुसरा प्रकार, 'बी', शोधला. महायुद्ध चालू होतं आणि १९१८ च्या फ्लूच्या साथीची आठवण सैन्याला ताजी होती. आपल्याकडे त्या साथीला खेड्यापाड्यांत 'मानमोडी' म्हणत. मुंबईत ती १९१८ च्या जूनमध्ये शिरली, पावसाबरोबर, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्या लाटेने देशभर एक कोटीहून जास्त माणसं गेली. असं पुन्हा होऊ नये म्हणून अमेरिकी सैन्याने फ्रान्सिस यांच्याकडे लसीचं काम दिलं. त्यांच्या हाताखाली जोनास साल्क नावाचा तरुण होता, तोच पुढे पोलिओच्या लसीसाठी जगाला माहीत झाला. १९४३ च्या अखेरीस त्यांनी सैन्याच्या विद्यार्थी तुकड्यांवर लसीची चाचणी घेतली. न घेतलेल्यांत सुमारे ७ टक्के आजारी पडले, घेतलेल्यांत २ टक्क्यांच्या आसपास. जिंकलोच, असं वाटावं असा निकाल.

चार वर्षांनी, १९४७ च्या वसंतात, त्याच विद्यापीठात त्याच माणसांनी हजारो विद्यार्थ्यांना लस दिलेली होती आणि साथ आली. लस घेतलेल्यांत आजारी पडले ७ टक्क्यांच्या आसपास, न घेतलेल्यांत ८. म्हणजे लस दिली काय, न दिली काय. विषाणू मधल्या काळात इतका बदलला होता की लसीने शिकवलेला चेहरा आणि दारात आलेला चेहरा यांत साम्य उरलं नव्हतं. फ्रान्सिस आणि साल्क यांनी हे अपयश लपवलं नाही, आकड्यांसकट छापलं. मला त्यांचा १९४३ चा विजय जेवढा मोठा वाटतो त्याहून हा कबुलीजबाब मोठा वाटतो. विषाणूवर जगभरातून सतत पाळत ठेवल्याशिवाय या लसीला अर्थ नाही, हे तेव्हा सगळ्यांना पुरतं कळलं. १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी प्रयोगशाळांचं जाळं विणलं. आज एनआयव्ही त्याच जाळ्यातलं आपलं ठाणं आहे.

फ्रान्सिस तिथे थांबले नाहीत. वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं रक्त तपासताना त्यांना दिसलं की प्रत्येकाकडे सगळ्यात भक्कम प्रतिपिंडं असतात ती त्याच्या लहानपणी फिरत असलेल्या विषाणूविरुद्ध. नंतर कितीही नवे विषाणू भेटले तरी शरीर पाटीवरचा पहिला श्रीगणेशाच पुन्हा पुन्हा गिरवत राहतं. १९६० साली त्यांनी याला ख्रिस्ती धर्मातल्या 'मूळ पापा'चं नाव दिलं. नाव जरा नाटकी आहे, पण निरीक्षण पक्कं निघालं. २००९ च्या साथीत म्हातारी माणसं त्या मानाने वाचली आणि तरुण जास्त दगावले, त्याचं एक कारण हेच. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांच्या पाटीवर त्या विषाणूच्या घराण्याची अक्षरं लहानपणीच उमटलेली होती. २०१६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पक्ष्यांपासून येणाऱ्या फ्लूबाबतही असंच दाखवलं. माणूस १९६८ च्या आधी जन्मला की नंतर, यावर त्याला कोणता बर्ड फ्लू जास्त छळणार हे बरंचसं ठरतं. आपल्या घरात एकाच तापाने आजोबा दोन दिवसांत उठतात आणि तिशीतला मुलगा आठवडाभर आडवा, तेव्हा आपण 'जुनं हाड' म्हणतो. ते अगदीच चुकीचं नाही.

हे सगळं वाचल्यावर प्रामाणिक माणूस विचारेल, मग ही लस घ्यायची तरी कशाला? विषाणूशी लसीचं जमलं तर ४० ते ६० टक्के संरक्षण, नाही जमलं तर त्याहून पुष्कळ कमी. २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत ते १९ टक्क्यांवर आलं होतं. एवढ्यासाठी दरवर्षी दीड-दोन हजार रुपये? धडधाकट तिशीतल्या माणसाने स्वतःपुरता विचार केला आणि नको म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत ऑक्टोबरमध्ये जी लसीकरण शिबिरं भरतात, तिथे लस घेऊन सेल्फी काढणाऱ्यांतल्या बहुतेकांना तिची फारशी गरज नसते, आणि महिनाही चुकलेला असतो.

पण काही माणसांसाठी हिशेब उलटा आहे. पहिला गट गरोदर बायकांचा. बांगलादेशात गरोदर बायकांना फ्लूची लस देऊन पाहिली, तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, त्याला मिळते ती आईकडूनच. एका सुईत दोन जीव, आणि तेही आपल्यासारख्याच हवेच्या देशात सिद्ध झालेलं. दुसरा गट हृदयाच्या रुग्णांचा. हृदयविकाराचा झटका आल्यावर तीन दिवसांच्या आत लस दिलेल्या रुग्णांचा आठ देशांतला एक अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात अडीच हजारांवर रुग्ण होते. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांतलं काहीतरी झालं ते न घेतलेल्यांत ७.२ टक्क्यांना, घेतलेल्यांत ५.३ टक्क्यांना. दुसरा एक अभ्यास आशिया-आफ्रिकेतल्या, त्यांत भारतातल्याही, हृदय कमकुवत झालेल्या पाच हजारांवर रुग्णांवर झाला. त्यात मुख्य कसोटीवर फरक सिद्ध झाला नाही, न्यूमोनिया मात्र ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाला. दोन्ही निकाल मुद्दाम शेजारी ठेवते आहे. लसीची बाजू घेणाऱ्यांनी सोयीचे आकडे तेवढे दाखवायचे आणि विरोध करणाऱ्यांनी १९ टक्केच दाखवायचे, याचा मला कंटाळा आला आहे. 'ही लस तुम्हाला ताप येऊ देणार नाही' असं सांगून ती विकली की पहिल्याच तापाला विश्वास उडतो. 'ताप कदाचित येईल, पण ऑक्सिजन लागण्याची शक्यता कमी होईल' असं सांगितलं तर आमच्या आईलाही पटतं. तिची आगोटही पाऊस थांबवण्यासाठी नसतेच.

सरकारचं काय? देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात फ्लूची लस नाही. महाराष्ट्राने मात्र २०१५ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं होतं: गरोदर बायका, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत द्यायची, ऐच्छिक. त्या वर्षी राज्यात स्वाइन फ्लूने ९०५ माणसं दगावली होती. २०१७ मध्ये पुन्हा ७७८, देशात सगळ्यात जास्त. हे फक्त तपासून सिद्ध झालेले. फ्लूमुळे बळावलेला न्यूमोनिया, हृदयविकार धरून देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास मृत्यू होत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे निर्णय योग्य होता आणि माणसंही योग्य निवडली होती. पण साथीच्या बातम्या आल्या की लसीची आठवण, बातम्या थांबल्या की विसर, ही आपली सवय त्याला नडते. ऑगस्टात मंत्री पत्रकार परिषद घेऊन लसीचे डोस मागवल्याचं सांगतात तेव्हा टाळ्या वाजवायच्या की कपाळावर हात मारायचा? डोस येणार, केंद्रांवर पोहोचणार, दंडात जाणार, वर दोन आठवडे थांबणार. तोवर दसरा.

यावर दोन आक्षेप मी गंभीरपणे घेते. पहिला पैशाचा. क्षयरोग आहे, कुपोषण आहे, डायलिसिसला रांगा आहेत, त्यात ही दरवर्षीची लस कुठे? म्हणूनच मी सगळ्यांना द्या म्हणत नाही. गरोदर बायकांपासून सुरुवात करा म्हणते, कारण त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला सिस्टर उपकेंद्रात बसलेलीच असते, आशाताईंच्या वहीत प्रत्येकीचं नाव आणि महिना असतो, शीतपेटी असतेच. त्या पेटीत अजून एक बाटली, वर्षातले दोन महिने. मग आरोग्य कर्मचारी, मग मधुमेह आणि हृदयविकार असलेले साठीपुढचे. पैसा वाढला तर यादी वाढवा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. फ्लू आपल्याकडे फक्त पावसाळ्यातच येतो असं नाही. जानेवारी ते मार्च अशी दुसरी उसळी बऱ्याच वर्षी दिसते. २०१५ चा तडाखा वर्षाच्या सुरुवातीलाच बसला होता आणि २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ ने घरोघरी खोकला ठेवला होता. मेमध्ये घेतलेली लस फेब्रुवारीपर्यंत पुरेलच असं नाही. खरं आहे. पण मग उपाय काय, तर महिना नीट निवडायचा, आणि त्यासाठी दहा शहरांऐवजी प्रत्येक जिल्ह्यातून स्वॅब गोळा करायचे. सिंधुदुर्गात सव्वाशे इंच पाऊस पडतो आणि माणदेशात वीसही नाही. या दोघांचा फ्लू एकाच तारखेला येतो असं धरून चालणं म्हणजे पुन्हा बर्फाचंच चित्र भिंतीवर लावणं. तोवर जे हातात आहे ते पावसाळ्याकडे बोट दाखवतं. वर्षातून एकच डोस परवडत असेल तर तो त्या बाजूला टाकावा.

लस अधिक चांगली होईल तेव्हा होईल. विषाणूच्या बाहेरच्या काट्यांचा वरचा भाग बदलत राहतो, देठ फारसा बदलत नाही, म्हणून देठाविरुद्ध लस बनवायचे प्रयत्न वर्षानुवर्षं चालू आहेत. नाकात फवारायच्या लशीही आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्येच तशी एक बाजारात आणली होती. कोंबडीच्या अंड्यात वाढवताना विषाणू थोडा बदलतो आणि लसीचा नेम चुकतो, म्हणून अंड्याशिवाय लस करायच्या पद्धतीही आल्या. हे सगळं हवं आहे. पण त्याला प्रयोगशाळा लागते, दहा-वीस वर्षं लागतात, अब्जावधी लागतात. लसीचा महिना बदलायला यातलं काहीच लागत नाही.

लागते ती वेळेवर निघालेली खरेदीची निविदा. दक्षिण गोलार्धाच्या लसीत काय असणार हे सप्टेंबरात कळतं. त्यानंतर तीन महिन्यांत, नाताळच्या आत, राज्याने मागणी नोंदवली तर मार्च-एप्रिलमध्ये माल जिल्ह्याच्या गोदामात असू शकतो आणि मेमध्ये उपकेंद्रात. निविदा साथ आल्यावर, जुलैत काढली तर येणारी लस उत्तरेची असते आणि ती ज्या हंगामासाठी असते तो हंगाम आपला नसतो.

गेल्या एप्रिलच्या शेवटी मी रत्नागिरीत बाबांसाठी लस विचारत तीन मेडिकल फिरले. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने संगणकात बघून सांगितलं, "फ्लूची ना? ती सीझनला येते ताई. ऑक्टोबरात या." मी म्हटलं, सीझन जूनमध्ये लागतोय. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दारातून आभाळाकडे बघितलं, आणि कोल्हापूरच्या ठोक विक्रेत्याला फोन लावला. दक्षिणेची, यंदाची, असं दोनदा सांगून मागवली. चौथ्या दिवशी बर्फाच्या पाकिटात आली. आईने यादीतली ती ओळ खोडली आणि ताडपत्री मोजायला लागली.